नदी-धरणाच्या पाण्यासाठी ऑटोमॅटिक शुद्धीकरण प्लांट: निवडायचा कसा, चालवायचा कसा

प्लांट जुलैच्या पाण्यासाठी घ्यायचा असतो. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यातून फेब्रुवारीत भरलेली बाटली आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर भरलेली बाटली शेजारी ठेवा, दोन्ही एकाच जागच्या आहेत हे कुणाला पटणार नाही. फेब्रुवारीत गढूळपणा पाच-सात एनटीयू (हे गढूळपणा मोजायचं एकक). जुलैत त्र्यंबकच्या डोंगरांची तांबडी माती उतरली की तोच आकडा शेकड्यांत जातो. प्लांट विकायला येणारे बहुतेक हिवाळ्यात येतात, हिवाळ्यातलंच पाणी तपासतात आणि त्यावरच कोटेशन देतात. तो प्लांट पहिल्याच पावसाळ्यात गाळाने बसतो आणि मग गावाला वर्षभर तसंच पाणी जातं.

मी रसायनशास्त्र शिकले, सातपूरच्या एका कारखान्यात पाणी विभागात काम केलं. आता दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरी या तालुक्यांत ताशी पाच ते वीस हजार लिटरचे छोटे प्लांट बसतात, तिथे घेणाऱ्याच्या बाजूने काम करते. माप काढून देते, कोटेशन वाचून देते, प्लांट चालवणाऱ्याला शिकवते. इथे लिहिते आहे ते फक्त उघड्यावरच्या पाण्याबद्दल: नदी, धरण, पाट, पाझर तलाव आणि पाटाच्या पाण्यावर भरलेलं शेततळं. बोअरच्या पाण्याची दुखणी वेगळी.

ऑटोमॅटिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दिव्यांचं पॅनेल आणि टचस्क्रीन येतो. मी एकच गोष्ट बघते. पाणी बिघडलं तर हा प्लांट कुणी न सांगता गावाच्या टाकीकडचा वॉल्व्ह मिटतो का? मिटत असेल तर साध्या पॅनेलचाही चालेल. मिटत नसेल तर घाण पाणी वेळच्या वेळी पोचवायची सोय, एवढंच त्याचं काम राहतं. पुढचं सगळं या एका प्रश्नाशी जोडलेलं आहे.

आधी आपलं पाणी ओळखा

वर्षभरात पाण्याची निदान तीन रूपं असतात. जून-जुलैचा गाळ सांगितलाच. दिवाळीनंतर पाणी निवळतं आणि होळीपर्यंत सगळं सोपं असतं. एप्रिल-मेमध्ये धरण खाली जातं, शेवाळ वाढतं, पाण्याला मातकट वास येऊ लागतो. तळाजवळ प्राणवायू संपतो, त्यामुळे गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं. तळातून उपसलं तर भांड्यांवर काळपट-तांबूस डाग दिसतात.

शेततळ्यात उन्हाळ्याची आणखी एक भानगड असते. दिवसा उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचा आकडा, चढतो. दुपारी तो नऊच्या आसपास गेलेला मी मोजला आहे. त्याच तळ्यात पहाटे तो उतरलेला असतो. पीएच आठच्या वर गेला की क्लोरीनची जंतू मारायची ताकद घटते, तुरटीही नीट धरत नाही. म्हणून उन्हाळ्यात उपसा शक्यतो पहाटे करा, आणि फूट व्हॉल्व्ह, म्हणजे ओढत्या पाइपाचं टोक, तळाशी सोडण्याऐवजी तरंगत्या ड्रमला बांधून पृष्ठभागाच्या दीड-दोन फूट खाली ठेवा. वरचं शेवाळ येत नाही, खालचा गाळही येत नाही. खर्च म्हणजे एक ड्रम आणि दोर.

पाटाच्या पाण्यावर अवलंबून असाल तर आवर्तनाचा, म्हणजे पाटाला पाणी सोडायच्या पाळीचा, पहिला दिवस सोडून द्या. कोरड्या पाटात महिनाभर साचलेलं सगळं त्या पहिल्या पाण्याबरोबर येतं. शेततळं भरायला दुसऱ्या दिवसापासून घ्या.

द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा जोर असतो. पाण्यात विरघळलेलं कीटकनाशक तुरटी, वाळू किंवा क्लोरीन यांनी भरवशाने निघत नाही. कार्बनचा फिल्टर ते काही प्रमाणात धरून ठेवतो, पण तो भरल्याचं बाहेरून कळत नाही. इथे उपाय जागेचाच आहे: बागांच्या चरांचं पाणी ज्या ओहोळाने येतं, त्याच्या वरच्या अंगाला उपसा घ्या. तसंच शहराच्या खालच्या अंगाला, जिथे गोदावरीत सांडपाणी मिसळतं आणि पाणवेली दाटतात, तिथल्या पाण्यावर असला छोटा प्लांट पिण्यासाठी लावू नका. त्याला तेवढा भार पेलत नाही. आणि कुठूनही उचला, धरण किंवा पाटातून पाणी घ्यायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. ती आधी काढा, जॅकवेल, म्हणजे उपशाची विहीर, नंतर बांधा.

आरओबद्दल सगळेच विचारतात. ‘ताई, आरओच बसवून टाकू ना, एकदाची कटकट जाईल.’ आरओ पाण्यातले क्षार काढतो. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, माझ्या मीटरवर लिटरला साधारण दोनशे मिलिग्रॅमच्या आत असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे. म्हणजे जे दुखणं नाही त्यावर खर्च करायचा, बरंचसं पाणी वाया घालवायचं, आणि खरं दुखणं, म्हणजे गाळ आणि जंतू, आरओच्या आधीच काढावं लागतं, नाहीतर मेंब्रेन काही आठवड्यांत चोंदतं. नदी-धरणाच्या पाण्याला आरओ लागत नाही.

माप काढताना

९०० वस्तीचं गाव धरू. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला ४९,५०० लिटर. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज आठ तास, कधी दिवसा कधी रात्री. त्यातले दोन तास सुरुवातीचं पाणी सोडून देण्यात, फिल्टर धुण्यात आणि मधल्या खंडांत जातात. उरले सहा. ४९,५०० ला सहाने भागलं की ताशी ८,२५० लिटर. धुण्यासाठी सहा-सात टक्के वाढवा. ताशी १०,००० लिटरचा प्लांट लागेल. ‘रोज पन्नास हजार’ म्हणून ताशी अडीच हजाराचा, वीस तास चालणारा प्लांट कुणी देत असेल तर त्याने तुमच्या गावची वीज पाहिलेली नाही.

साखळी अशी: जाळी, तुरटीचं डोसिंग आणि ढवळणं, निवळण टाकी, वाळूचा फिल्टर, गरजेप्रमाणे कार्बन, शेवटी क्लोरीन आणि ते मुरायची टाकी. कोटेशनमध्ये निवळण टाकी आहे का ते सगळ्यात आधी बघा. स्वस्त कोटेशनमधून तीच गाळलेली असते. ती नसेल तर तीनशे एनटीयूचं पाणी थेट वाळूवर येतं, दाब चढतो, ऑटोमॅटिक बॅकवॉश, म्हणजे उलट पाण्याने धुणं, सुरू होतो, अर्ध्या तासाने पुन्हा दाब, पुन्हा बॅकवॉश. पावसाळाभर फिल्टर स्वतःला धूत बसतो आणि गावाची टाकी रिकामी. ताशी दहा हजार लिटरला तुरटी मिसळून हळू ढवळायला पाच हजार लिटरची जागा, म्हणजे अर्ध्या तासाचं पाणी, आणि साठ अंशांत तिरप्या नळ्यांची, म्हणजे ट्यूब सेटलरची, दोन-अडीच चौरस मीटरची निवळण टाकी एवढं तरी हवंच.

तुरटी: हे हाताने शिकायलाच हवं

तुरटीचा डोस हा प्लांटमधला सगळ्यात जास्त बदलणारा आकडा. आज लिटरला ३० मिलिग्रॅम लागेल, रात्री ब्रह्मगिरीवर पाऊस झाला की सकाळी ५० लागेल. मोठ्या केंद्रांत हे जोखणारी महाग उपकरणं असतात. आपल्याकडे सहा काचेच्या बरण्या पुरतात.

दहा ग्रॅम तुरटी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. हे एक टक्क्याचं द्रावण. याचा एक मिलीलिटर एक लिटर पाण्यात घातला की डोस होतो लिटरला १० मिलिग्रॅम. सहा बरण्यांत एकेक लिटर कच्चं पाणी घ्या आणि अनुक्रमे एक ते सहा मिली द्रावण घाला. त्यासाठी औषधाच्या दुकानातली सुई काढलेली सिरिंज घ्या. एक मिनिट जोरात ढवळा. मग पंधरा-वीस मिनिटं इतकं सावकाश ढवळा की तयार होणारे पुंजके तुटणार नाहीत. मग अर्धा तास हात लावू नका. फाटलेल्या दुधासारखे पुंजके तळाला बसतात. ज्या बरणीत सगळ्यात कमी तुरटीत वरचं पाणी नितळ झालं, तो आजचा डोस. सहावी बरणी चौथीइतकीच नितळ असेल तर चौथी घ्यायची. जास्त तुरटीने पाणी जास्त शुद्ध होत नाही, उलट अॅल्युमिनियम पाण्यात उरतं. मानकात त्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत.

समजा ४० आला. ताशी १०,००० लिटरला ४०० ग्रॅम तुरटी. शंभर लिटरच्या टाकीत पाच किलो घालून पाच टक्क्यांचं द्रावण केलं तर ताशी आठ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १३३ मिली. पंपावरच्या खुंटीच्या आकड्यावर जाऊ नका. पंपाच्या ओढत्या नळीला मापाचं नळकांडं लावून घ्या आणि घड्याळ लावून मिनिटाला खरंच १३३ मिली ओढतो का ते आठवड्यातून एकदा मोजा. महिनाभरात हा आकडा नकळत घसरतो: डायफ्रॅम ढिला होतो, नळीत खडे धरतात.

पहिल्या पावसाच्या पाण्यात एक गोष्ट फसवते. पावसाचं पाणी मऊ, त्यात क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, कमी. दहा मिलिग्रॅम तुरटी सुमारे पाच मिलिग्रॅम क्षारता खाते. क्षारता संपली की पीएच कोसळतो, पुंजके बनतच नाहीत, आणि चालवणारा घाबरून आणखी तुरटी घालतो. बरणीतल्या पाण्याचा पीएच मोजा. साडेसहाच्या खाली दिसला तर तुरटीआधी थोडी चुन्याची निवळी घाला. किंवा पावसाळ्यापुरतं पॅक, म्हणजे पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड वापरा. त्याने पीएच तुरटीइतका पडत नाही आणि ते थंड, गढूळ पाण्यात लवकर पुंजके धरतं. महाग आहे, पण जून ते सप्टेंबर मला तेच पसंत आहे. बदललंत तर बरण्यांची चाचणी पुन्हा करा, तुरटीचा आकडा पॅकला चालत नाही.

पिण्याच्या पाण्याचा वाळूचा फिल्टर आणि द्राक्षबागेतला सारखा नसतो

आपल्या भागात सँड फिल्टर, डिस्क फिल्टर, बॅकवॉश हे शब्द ड्रिपमुळे घरोघरी माहीत आहेत. शिकवताना याचा फार फायदा होतो. मात्र ड्रिपचा सँड फिल्टर ड्रिपर चोंदू नये म्हणून असतो. त्यातून पाणी वेगाने जातं आणि बारीक गढूळपणा तसाच पुढे निघून जातो. पिण्यासाठी वेग कमी लागतो: तासाला आठ ते दहा मीटर, म्हणजे एक चौरस मीटर वाळूमागे ताशी आठ ते दहा हजार लिटर. वाळू साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटरची आणि एकसारख्या दाण्याची. बागेतला जुना सँड फिल्टर ‘तसाच आहे की’ म्हणून पिण्याच्या पाण्याला जोडू नका. डिस्क फिल्टर मात्र पहिली जाळी म्हणून खुशाल वापरा.

ताशी दहा हजारासाठी ३६ इंची दोन टाक्या घ्या. एकीचं क्षेत्रफळ ०.६६ चौरस मीटर; दोन्ही मिळून वेग तासाला साडेसात मीटरच्या आसपास येतो. २४ इंची एकच टाकी दाखवून कुणी दहा हजार म्हणालं तर भागाकार करून त्याच्यासमोर ठेवा: तिचं क्षेत्रफळ फक्त ०.२९ चौरस मीटर आहे.

बॅकवॉशचा पंप वेगळा आणि मोठा लागतो. वाळू उचलून तरंगवायला तासाला तीस मीटरचा वेग हवा, म्हणजे ३६ इंची टाकीला ताशी वीस हजार लिटर. रोजच्याच पंपाने उलट पाणी फिरवलं तर वाळू हलत नाही, आत मातीचे गोळे धरतात. पॅनेलला सांगायचं ते असं: आत-बाहेरच्या दाबातला फरक चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो झाला किंवा ठरलेले तास भरले, यांपैकी जे आधी होईल तेव्हा धुवा, दहा मिनिटं उलट पाणी, आणि त्यानंतर पाच-दहा मिनिटं सुलट चालवून ते पाणी बाहेर सोडा. हे शेवटचं पाऊल, रिन्स, बरेच जण पाणी वाचवायला बंद करतात. ताज्या धुतलेल्या वाळूतून सुरुवातीला गढूळ पाणीच येतं आणि जंतूही त्याच वेळी निसटतात. रिन्स बंद करू नका. वाचवायचंच असेल तर धुण्याचं पाणी एका खड्ड्यात निवळवून वरचं पाणी झाडांना द्या. गाळ ओढ्यात मात्र जाऊ देऊ नका.

यूएफ, म्हणजे पोकळ तंतूंचं मेंब्रेन, हा वाळूला चांगला पर्याय आहे. छिद्रं मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपास, जिवाणू आणि अमीबासारखे जीव अडतात, अर्ध्या-पाऊण तासाने तो आपला आपण धुतो. पण तंतू तुटला तर कळत नाही, धुवायला रसायनं लागतात आणि सुटा भाग मिळायला वेळ लागतो. हरसूल-पेठच्या बाजूला मी वाळूच सुचवते. यूव्ही दिवा नितळ पाण्यात चांगलं काम करतो, पण पुढे नळापर्यंत राखण करत नाही. गावच्या पाइपलाइनला क्लोरीन हवाच.

क्लोरीन

पाणी एक एनटीयूच्या आत आल्यावरच क्लोरीन घाला. गाळाच्या कणांआड जंतू लपतात. कार्बन फिल्टर असेल तर क्लोरीन त्याच्यानंतर. कार्बन क्लोरीन खाऊन टाकतो.

डोस लिटरला २ मिलिग्रॅम धरला तर ताशी २० ग्रॅम क्लोरीन. बाजारातलं हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, साधारण दहा टक्क्यांचं. ते दहापट पातळ करून ताशी दोन लिटर सोडायचं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरीत, ताजी असताना ३३ टक्के क्लोरीन, म्हणजे ताशी साठ ग्रॅम पावडर. पावडर रात्री कालवा आणि सकाळी फक्त वरची निवळी डोसिंगच्या टाकीत घ्या. खालचा चुना आत गेला की पंप दोन दिवसांत बंद पडतो. हायपो उन्हात आणि उकाड्यात मरतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेला कॅन महिन्याभरात बराच उतरतो, त्यामुळे थोडं आणा आणि सावलीत ठेवा. हायपोतून वायू सुटून पंपाच्या डोक्यात हवा धरते. पंप टकटकत राहतो पण सोडत काहीच नाही. म्हणून टाकी पंपाच्या वर ठेवा आणि हवा सोडायचा वॉल्व्ह असलेलाच पंप घ्या.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेते. पॅक आणि हायपो दोन्ही सारख्याच निळ्या कॅनमध्ये येतात आणि दोन्ही पिवळसर दिसतात. एकात एक ओतले तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत जीव जाऊ शकतो. दोन वेगळ्या खोल्या, नसतील तर दोन टोकं. दोन रंगांचे पट्टे. मापाची भांडी आणि नरसाळी वेगळी. तुरटी आणि आम्लालाही हाच नियम.

डोस घालून काम संपत नाही, मुरायला वेळ हवा. अर्धा तास मुरल्यावर मोकळा क्लोरीन लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम उरला पाहिजे आणि शेवटच्या नळाला ०.२. अर्ध्या तासाचं पाणी म्हणजे पाच हजार लिटर, पण साध्या टाकीत एका बाजूने आलेलं पाणी सरळ दुसऱ्या बाजूने निघतं. म्हणून टाकी दहा हजारांची घ्या, आत आडव्या भिंती घाला. जलसुरक्षकाकडची ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी क्लोरीन असल्याचा रंग दाखवते, पण मोकळा क्लोरीन आणि बांधला गेलेला क्लोरीन यांत ती नीट फरक करत नाही, शिवाय ते रसायन विषारी आहे. डीपीडीच्या गोळ्या घ्या, गुलाबी रंग येतो, फरक कळतो. तपासलेलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही.

पाणी थांबवणारी यंत्रणा

इतकं झाल्यावर पॅनेल. त्याला डोळे हवेत तीन: फिल्टरनंतर गढूळपणाचा सेन्सर, मुरण्याच्या टाकीनंतर क्लोरीनचा, आणि पीएचचा. शिवाय तुरटी आणि क्लोरीनच्या टाक्यांत पातळी सांगणारे फ्लोट. पैसे कमी असतील तर टचस्क्रीन सोडा, मोबाइल अॅप सोडा, पण गढूळपणाचा सेन्सर आणि फ्लोट सोडू नका.

नियम असे बसवून घ्या. गढूळपणा सलग पाच मिनिटं एक एनटीयूच्या वर गेला की टाकीचा वॉल्व्ह मिटतो, बाहेरचा उघडतो, भोंगा वाजतो. तुरटीची टाकी संपत आली की कच्च्या पाण्याचा पंप थांबतो. क्लोरीनचंही तसंच. मुरलेल्या पाण्यात क्लोरीन ०.५ च्या खाली घसरला तर गावाकडे पाणी जात नाही. टाकीकडचा वॉल्व्ह वीज गेल्यावर स्प्रिंगने मिटणारा घ्या. साधा मोटरचा वॉल्व्ह वीज गेली त्या क्षणी जिथे असेल तिथेच उघडा राहतो.

तपशिलात आणखी एक गोष्ट दडलेली असते. जॅकवेलच्या मोटरला बहुतेक ठिकाणी शेतासारखा ऑटो स्टार्टर लावलेला असतो. वीज आली की मोटर सुरू, प्लांट तयार असो वा नसो. तो काढून टाका. मोटरला हुकूम फक्त पॅनेलने द्यायचा. वीज आल्यावर पॅनेल आधी फेज आणि व्होल्टेज तपासेल, डोसिंग सुरू करेल, मग मोटर, आणि पहिली पंधरा मिनिटं पाणी बाहेर. थांबलेल्या निवळण टाकीतला गाळ सुरुवातीच्या धक्क्याने उठतो, ते पाणी गावात जायला नको. पॅनेलला छोटा यूपीएस द्या. एसएमएस येतो म्हणून भोंगा काढू नका, डोंगरात रेंज जाते आणि भोंगा शेजारच्या घरापर्यंत तरी पोचतो.

सेन्सरही राबवून घ्यावे लागतात. गढूळपणाच्या सेन्सरची काच आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने पुसा. हातातल्या मीटरशी आकडा जुळवा. आकडा उगाच उड्या मारत असेल तर पाण्यात हवेचे बुडबुडे आहेत, सेन्सरकडे येणारी नळी खालून वर चढवा. पीएचची कांडी कोरडी पडू देऊ नका, महिन्यातून एकदा ७ आणि ४ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत, बुडवून जुळवा. क्लोरीनचा आकडा रोज सकाळी डीपीडीशी ताडून वहीत लिहा. महिन्यातून एकदा जंतुतपासणीसाठी शेवटच्या नळाचं पाणी निर्जंतुक बाटलीत जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत द्या. बाटलीत थायोसल्फेट असावं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल उगाच चांगला येतो.

ताब्यात घेण्याआधी

कराराच्या वेळीच ठरवा की काही रक्कम, मी पंधरा टक्के सांगते, जुलै पार पडल्यावर मिळेल. जिथे निम्मा पावसाळा प्लांटकडे ढुंकून न पाहणारे विक्रेते होते, तिथे या एका ओळीने ते भर पावसात येऊन डोस बसवून गेले आहेत. २०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकच्या वाटेवर धर्मशाळा आणि निवासाच्या जागा घाईने प्लांट घेत आहेत. त्यांनी ही ओळ विशेष लक्षात ठेवावी, कारण सिंहस्थाची गर्दी ऐन पावसाळ्यातच असते.

आणि ताब्यात घेताना चालू प्लांट बघून सही करू नका. तो बंद पाडून बघा, गावातली चार माणसं समोर उभी करून. तुरटीची ओढती नळी टाकीबाहेर काढा, टाकीतला फ्लोट हाताने खाली दाबा: पंप थांबला पाहिजे. क्लोरीनचा पंप सॉकेटमधून काढा: क्लोरीन घसरल्यावर वॉल्व्ह मिटला पाहिजे, मुरण्याची टाकी असल्यामुळे याला वेळ लागेल, तोवर थांबा. सेन्सरच्या नळीत मातीचं पाणी ओता: पाच मिनिटांत भोंगा. मुख्य वीज तोडा: वॉल्व्ह मिटायला हवा.

शेवटची चाचणी बहुतेकांना माहीत नसते. गढूळपणाच्या सेन्सरची वायर सोडवा. चांगलं पॅनेल लगेच ‘सेन्सर बंद’ म्हणून पाणी अडवतं. वाईट पॅनेल पडद्यावर ० दाखवतं, शून्य गढूळपणा म्हणजे उत्तम पाणी असं समजतं आणि टाकी भरत राहतं. सेन्सरकडून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल येतो. ४ च्या खाली गेला तर तो बिघाड मानायचा, हे पॅनेलच्या प्रोग्रॅममध्ये घालून घेतल्याशिवाय सही करू नका. बदल करायला अर्धा तास पुरतो. मग वायर परत जोडा, पंधरा मिनिटं पाणी बाहेर सोडा, डीपीडीने क्लोरीन बघा, वहीच्या पहिल्या पानावर तारीख, गढूळपणा, पीएच, क्लोरीन आणि तुरटीचा डोस लिहा, आणि गावाचा वॉल्व्ह उघडा.